संपादकांना पत्र लिहिताना

पिशोरसारख्या गावातून गेलेले पत्र, तेही ओळखीवाचून, संपादक वाचतील का, अशी शंका पुष्कळांना येते. १९७४ सालची गोष्ट पहा. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला डॉ. जयंत विष्णु नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठविली. स्वतःची आद्याक्षरे त्यांनी उलटी केली होती! अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली. या अनोळखी जगतापांनाच पहिले बक्षीस मिळाले.

पत्रातही नावापेक्षा मजकूर बोलला पाहिजे. समजा, तुम्ही जून ते ऑक्टोबर दर रविवारी विहिरीची पाणीपातळी मोजली. मग ‘पाण्यावर लेख लिहू का?’ असे मोघम विचारू नका. पहिल्याच वाक्यात प्रश्न मांडा : पावसानंतर किती दिवसांनी विहिरीचे पाणी वाढते? नंतर काय मोजले, कशाने मोजले, किती वेळा मोजले आणि लेख किती शब्दांचा होईल, ते सांगा. शेवटी नाव, इयत्ता, पत्ता. पत्र एका पानात संपवा. प्रत जवळ ठेवा.

नकार आला, तरी मोजणे थांबवू नका. पुढच्या पत्राचे भांडवल तेच आहे.