‘आमच्यावर प्रयोग करताय का?’

औषधचाचणीचं संमतिपत्र पुढे केलं की ओपीडीत हा प्रश्न हमखास येतो. मला तो आवडतो. काळजी वाटते ती न वाचताच अंगठा उठवणाऱ्याची. ‘तुम्ही म्हणाल तसं, साहेब’ म्हणणाऱ्याला नकार देता येतो हेच ठाऊक नसतं.

क्षयाचंच बघा. पूर्वी निदान झालं की मिरजेसारख्या ठिकाणचं सॅनेटोरियम गाठावं लागे. खाटा कमी, रुग्ण फार. १९५६ साली मद्रासमध्ये चाचणी सुरू झाली. १९३ रुग्णांपैकी कोण सॅनेटोरियममध्ये आणि कोण घरी, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं. औषधं तीच. घरचे रुग्ण गरीब, दाटीवाटीच्या वस्तीतले, खाणंही बेताचं. तरी १९५९चा निष्कर्ष असा, की ते जवळपास तितकेच बरे झाले. घरच्यांना लागणीचा धोकाही वाढला नाही, हे पुढे दिसलं. आज क्षयरुग्ण घरी राहून गोळ्या घेतो, तो या माणसांमुळे. त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत.

आता २०१९चे नियम आहेत. नीतिमत्ता समितीच्या परवानगीशिवाय चाचणी नाही. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई. मधेच बाहेर पडायलाही मुभा. हे सगळं कागदावर असतं, पण कागद लांबलचक आणि भाषा आम्हा डॉक्टरांनाही जड! म्हणून समजेपर्यंत विचारत राहा.

मध्यंतरी एका आजींनी कागद घरी नेला, नातवाकडून वाचून घेतला आणि ‘नको’ म्हणाल्या. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या आमच्याकडेच चालू आहेत, पूर्वीसारख्याच.