मुक्काम नको असलेलं गाव

सत्ताधाऱ्याने उज्जैनमध्ये रात्र काढू नये, असा एक पक्का समज आहे. महाकाल हाच या नगरीचा राजा, आणि एका वेशीच्या आत दोन राजे नांदत नाहीत. इथे जो राजा झोपेल त्याची गादी जाईल. म्हणून मंत्री-मुख्यमंत्री दर्शनाला यायचे, हार-प्रसाद घ्यायचे आणि दिवेलागणीला इंदूरच्या रस्त्याला लागायचे. शंका काढणाऱ्यासाठी दाखले तयार असतात: मोरारजी देसाई राहिले आणि त्यांचं सरकार पडलं, येडियुरप्पा राहिले आणि त्यांना खुर्ची सोडावी लागली. ज्या शहरात पाच लाखांवर माणसं रोज रात्री निर्धास्त झोपतात, ते शहर राज्यकर्त्यांच्या लेखी मात्र मुक्कामाला वर्ज्य. एखादं गाव राहायला वाईट आहे असं आपण म्हणतो, तेव्हा नेमकं कोण, कुठे उभं राहून बोलत असतं, हे तपासायला इतकं सोयीचं उदाहरण दुसरं नाही. अमेरिकेत राहायला सर्वांत नकोशा शहरांच्या याद्या काढण्याची मोठी हौस आहे, आपल्याकडेही आता राहणीमानाचे निर्देशांक आलेत. त्या आकड्यांकडे वळण्याआधी या जुन्या, बिनआकडी निवाड्याकडे पाहू.

हा निवाडा इतिहासात टिकत नाही. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात राणोजी शिंद्यांनी माळव्यात बस्तान बसवलं आणि उज्जैन ही शिंद्यांची राजधानी झाली. महाकालाचं मंदिर पुन्हा उभं केलं ते त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी. म्हणजे पाऊणशे वर्षं राजधानी इथे होती. मग त्या काळात दरबार संपल्यावर शिंद्यांचं घराणं झोपायला रोज गावाबाहेर जात होतं काय? राजधानी इथून हलली ती 1810 मध्ये, दौलतराव शिंद्यांच्या काळात, आणि त्याची कारणं रात्रीच्या झोपेत नाहीत, दिवसाढवळ्याच्या लढायांत आहेत. 1801 मध्ये यशवंतराव होळकरांनी उज्जैनजवळ शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. 1803 मध्ये असईला इंग्रजांकडून हार झाली, सुर्जी-अंजनगावचा तह झाला. पुढे ग्वाल्हेरचा किल्ला परत मिळाला तेव्हा दौलतरावांच्या फौजेचा तळ त्याच्या पायथ्याशी पडला आणि त्या तळाचंच शहर झालं. ग्वाल्हेरच्या त्या भागाला आजही लष्कर म्हणतात. राजधानी गेली, तिच्याबरोबर शिलेदार, कारकून, सावकार, पुरोहित गेले. मागे राहिलेल्या गावाला कारण हवं असतं, आणि गेलेल्यांना निमित्त. ‘तिथे राजाने राहू नये’ हे दोघांनाही परवडणारं उत्तर होतं. डिसेंबर 2023 मध्ये मुख्यमंत्री झालेले मोहन यादव मूळचे उज्जैनचेच. त्यांनी शपथेनंतर काही दिवसांतच घरी मुक्काम केला, आपण राजा नसून महाकालाचा पुत्र आहोत असं सांगितलं आणि या समजाचं मूळ राजधानी हलवण्याच्या राजकारणात असल्याचंही म्हटलं. तसंही, तो समज जोरात असताना दिग्विजय सिंहांची सत्ता 2003 मध्ये गेली आणि शिवराजसिंहांची 2018 मध्ये. खुर्ची जायला उज्जैनच्या उशीची गरज पडली नाही.

आता अमेरिकेकडे. ‘फोर्ब्स’ने 2008 पासून काही वर्षं देशातल्या सर्वांत दुःखी शहरांची यादी छापली. पहिल्या वर्षी डेट्रॉइट, मग स्टॉकटन, क्लीव्हलँड, पुन्हा स्टॉकटन, 2012 मध्ये मायामी आणि 2013 मध्ये परत डेट्रॉइट. मायामीचं नाव वाचून कोणीही थबकेल. थंडीच्या दिवसांत अर्धी अमेरिका जिथे उन्हासाठी जाते ते शहर पहिलं आलं, कारण घरांच्या कर्जांचा फुगा फुटून तिथे जप्त्यांची लाट आली होती. बेकारी, कर, गुन्हे, कामावर जायला लागणारा वेळ, हवामान अशा गोष्टींना गुण होते, आणि काही वर्षी तर त्या शहराचे क्रीडासंघ किती हरले हेही धरलं होतं. आपला संघ हरला म्हणून गाव राहण्याजोगं राहत नाही, हे तर्कशास्त्र आपल्या क्रिकेटवेड्यांनाही झेपणार नाही. दोनदा पहिलं आलेलं स्टॉकटन 2012 मध्ये खरोखर दिवाळखोर झालं. पण पंजाबातून गेलेल्या शेतकऱ्यांनी अमेरिकेतल्या पहिल्या गुरुद्वाराचा पाया 1912 मध्ये घातला तो याच गावात, आणि शंभर वर्षांनी यादीतला क्रमांक वाचून ती माणसं तिथून उठली नाहीत.

या सगळ्यात बोलका किस्सा रेड लेक काउंटीचा. मिनेसोटा राज्याच्या वायव्य कोपऱ्यातला, जेमतेम चार हजार वस्तीचा हा सपाट शेतीप्रदेश. अमेरिकेच्या कृषी खात्याने 1999 मध्ये निसर्गाच्या देणग्यांची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली होती. तिच्यात सहा गोष्टी होत्या: जानेवारीचं तापमान, जानेवारीतलं ऊन, जुलैचा उकाडा, जुलैतला दमटपणा, डोंगरउतार आणि पाण्याखालचं क्षेत्र. तीन हजारांवर काउंट्यांत पहिली आली कॅलिफोर्नियातली व्हेंच्युरा आणि शेवटची रेड लेक. ऑगस्ट 2015 मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’चे आकडेवारीचे पत्रकार क्रिस्टोफर इंग्रॅम यांनी ही जुनी पट्टी उकरून काढली आणि रेड लेकला देशातली सर्वांत वाईट जागा ठरवून टाकलं, अर्थात तिथे पाऊल न ठेवता. गावकऱ्यांनी रागाबरोबर आमंत्रणंही पाठवली: या, बघा आणि मग बोला. ते गेले, लोकांनी त्यांना शेत, नदी, गोठे दाखवले, आणि पुढच्या वर्षी हे गृहस्थ बायको आणि जुळ्या मुलांना घेऊन तिथेच राहायला गेले. वॉशिंग्टनच्या परिसरात कामावर जाण्या-येण्यातच त्यांचा दिवस सरत होता, घर परवडत नव्हतं; रेड लेकमध्ये दोन्ही प्रश्न मिटले. पुढे त्यांनी यावर पुस्तकही लिहिलं. मोजपट्टीने खोटं काही सांगितलं नव्हतं. तिथे जानेवारीत हाडं गोठतात आणि डोंगर नाहीच. फक्त त्या सहा रकान्यांत शेजारी, घरभाडं, शाळा, म्हणजे माणसाचं जगणं कुठेच नव्हतं. मोजलं होतं निसर्गाचं कौतुक आणि मथळा दिला राहण्याचा.

आपल्या याद्यांमध्ये माणूस आहे, पण त्याच्या आधी कागद आहे. 2017 च्या स्वच्छ सर्वेक्षणात 434 शहरांत आपलं भुसावळ 433 वं आलं. त्याच्या खाली फक्त उत्तर प्रदेशातलं गोंडा. भुसावळकरांची त्यानंतर जी थट्टा झाली ती खानदेशात सर्वांना ठाऊक आहे. त्या वर्षीच्या 2000 गुणांपैकी 900 गुण नगरपालिकेने सादर केलेल्या माहितीला होते, 600 नागरिकांच्या अभिप्रायाला आणि प्रत्यक्ष पाहणीला 500. म्हणजे कचऱ्याकडे बघून मिळणारे गुण सर्वांत कमी. भुसावळमध्ये घाण नव्हती असं नव्हे. पण गाठोडं नीट बांधून पाठवणारी पालिका आणि न पाठवणारी पालिका यांच्यातलं अंतर हे दोन गावांच्या रस्त्यांतल्या अंतरापेक्षा कितीतरी मोठं दिसतं. 2016 मध्ये 73 शहरांत तळाला असलेलं धनबाद पुढच्या वर्षी 434 शहरांत 109 वं आलं. कोळशाच्या खाणींचं शहर बारा महिन्यांत इतकं उजळत नाही. उजळते ती फाइल.

महाराष्ट्रात नकोशा गावाचं सरकारी नाव गडचिरोली. 26 ऑगस्ट 1982 ला चंद्रपूरमधून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचं नाव बोलीभाषेत शिक्षेच्या बदलीसाठी वापरलं जातं. ‘गडचिरोलीला पाठवीन’ ही धमकी चित्रपटांतून आणि साहेबांच्या केबिनमधून सारखीच ऐकू येते, आणि तिथे जाणाऱ्याला सरकार एकस्तर वेतनश्रेणी देतं, जणू नुकसानभरपाई. पण हा निवाडा बदली होऊन येणाऱ्यांचा आहे, तिथल्या माडिया-गोंडांचा नाही. शाळा दूर, दवाखाना दूर, पावसाळ्यात नाल्यांमुळे वाट बंद, हे त्यांनाही सोसावं लागतं, किंबहुना त्यांनाच जास्त. फरक इतकाच की त्यांच्या तोंडी ती तक्रार ‘रस्ता करा’ अशी येते आणि बदलीवाल्याच्या तोंडी ‘मला इथून काढा’ अशी. 1986 मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. त्यांनी दुसरी तक्रार ऐकली नाही, पहिली ऐकली. गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवून 39 गावांत नवजात मृत्यूंचं प्रमाण 62 टक्क्यांनी खाली आलं, 1999 मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं आणि पुढे आशा कार्यकर्त्यांमार्फत ती पद्धत देशभर गेली.

इथे एक आक्षेप रास्त आहे. मग वाईट गाव असं काही नसतंच का? चंद्रपूरची राखमिश्रित हवा, मराठवाड्यातली ज्या गावांत हंडा डोक्यावर घ्यावा लागेल म्हणून कोणी मुलगी देत नाही ती गावं, ही सगळी बाहेरच्यांची कुचेष्टाच म्हणायची? आणि राहणाऱ्याचं मत प्रमाण मानावं तर माणूस कशालाही सरावतो. नाकाला नाल्याचा वास कळेनासा होतो. आक्षेपाचा पहिला भाग मान्य. हवा आणि पाणी ही मताची बाब नाही, तिथे यंत्राचा आकडा हवाच. दुसऱ्या भागाला उत्तर मिशिगनच्या फ्लिंट शहरात मिळतं. एप्रिल 2014 मध्ये पैसे वाचवण्यासाठी शहराचा पाणीपुरवठा फ्लिंट नदीवर वळवला. लोक पहिल्या महिन्यांपासून बाटल्या भरून दाखवत होते: हा रंग बघा, हा वास घ्या. अधिकारी वर्षभराहून अधिक काळ पाणी ठीक असल्याचं सांगत राहिले. विद्यापीठाच्या तपासणीत पाण्यात आणि बालरोगतज्ज्ञ मोना हॅना-अटिशा यांच्या आकडेवारीत मुलांच्या रक्तात शिसं दिसलं, तेव्हा 2015 च्या ऑक्टोबरमध्ये पाणी पुन्हा बदललं. सरावलेले होते ते अहवाल. राहणारा स्वतःच्या गावाला नावं ठेवत नाही हा गैरसमज आहे. तो सर्वांत जास्त ठेवतो, फक्त नाव गावाला न ठेवता नळाला ठेवतो, आणि दुरुस्ती करायची तर तेच उपयोगाचं असतं.

दुसरा आक्षेप असा की लोक पायांनी मत देतात. उज्जैन इतकं चांगलं, तर तिथली मराठी पोरं इंदूर, पुणे आणि पुढे टेक्सासला का जातात? सोपं आहे: कापडगिरण्या गेल्या, तेवढ्या हातांना पुरतील असे कारखाने मग आले नाहीत. पोटासाठी गाव सोडणं आणि गाव नकोसं होणं या दोन गोष्टी एक धरल्या तर कोकणातलं प्रत्येक गाव महाराष्ट्रातलं सर्वांत वाईट ठरेल, आणि गणपतीत मुंबई-गोवा महामार्गावर लागणाऱ्या रांगेचा उलगडा होणार नाही.

शिवाय गाव म्हणजे नेमकं कोणतं? उज्जैनचेच रेल्वेरुळांनी दोन भाग पडतात. एका बाजूला जुनं शहर: महाकाल, बायजाबाई शिंद्यांनी बांधलेलं गोपाळ मंदिर, पटनी बाजार, क्षिप्रेचे घाट. दुसऱ्या बाजूला ग्वाल्हेरच्या माधवरावांच्या नावाचं माधवनगर-फ्रीगंज: सरळ आखलेले रस्ते, टॉवर चौक, संध्याकाळी खरेदीला निघालेली कुटुंबं. यात्रेकरूला माधवनगरात बघायला काही नाही, तो पुलापलीकडूनच परततो. घर घेणाऱ्याला तेच हवं असतं. ऑक्टोबर 2022 मध्ये मंदिराचा ‘महाकाल लोक’ परिसर खुला झाल्यापासून जुन्या शहरात इतकी गर्दी लोटते की हॉटेलवाल्याचं भाग्य उजळलं आणि त्याच गल्लीतल्या म्हाताऱ्याला औषधाच्या दुकानापर्यंत जाणं अवघड झालं. या दोघांना एकाच निर्देशांकात बसवून सरासरी काढली तर ती दोघांच्याही कामाची नाही. प्राचीन ज्योतिषी रेखांश मोजायला उज्जैनपासून सुरुवात करत, आणि आपला शून्य इथे धरला आहे हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. आजच्या याद्या आपला शून्य कुठे धरला ते सांगत नाहीत.

आणि यादीची हद्द नगरपालिकेच्या हद्दीशी संपते. इंदूर 2017 पासून देशातलं सर्वांत स्वच्छ शहर म्हणून सलग पहिलं येत राहिलं आणि तिथल्या कचरा-व्यवस्थेचं कौतुक वाजवीच आहे. पण इंदूरमधून वाहत येणारी कान्ह नदी शहराचं सांडपाणी घेऊन उज्जैनजवळ त्रिवेणीला क्षिप्रेत मिळते. 2016 च्या सिंहस्थाआधी ते पाणी घाटांना वळसा घालून पुढे नेणारी वाहिनी टाकावी लागली, आणि त्याआधी 2014 मध्ये क्षिप्रेत नर्मदेचं पाणी आणून सोडण्याची योजना सुरू झाली. एका गावाचे गुण वाढतात आणि त्याच्या खालच्या गावाचं पाणी बिघडतं, हे कोणत्याच रकान्यात मावत नाही.

जानेवारी 2019 मधल्या शनी अमावास्येला त्रिवेणी घाटावर हजारो भाविक स्नानाला आले तेव्हा नदीत नर्मदेचं पाणी पोचलेलंच नव्हतं. उरलेल्या गढूळ पाण्यात, चिखलात उभं राहून लोकांनी अंग ओलं केलं. ओरडा इतका झाला की काही दिवसांत जिल्हाधिकारी आणि विभागीय आयुक्त या दोघांनाही हलवलं गेलं. गाव करी ते राव न करी म्हणतात, ते हेच. त्यानंतर दोन महिन्यांनी, मार्च 2019 मध्ये, स्वच्छ सर्वेक्षणाचा निकाल लागला. तीन ते दहा लाख लोकवस्तीच्या गटात देशातलं सर्वांत स्वच्छ शहर म्हणून उज्जैनचा सत्कार झाला.