बोस्टनचा चहा महागला नव्हता

माझ्या शाळकरी भाचीने सहामाही परीक्षेत अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाची कारणे लिहिताना ‘चहा स्वस्त झाला’ असे लिहिले आणि दोन गुण गमावले. ‘स्वस्त’ या शब्दावर लाल रेघ ओढून वर ‘महाग’ अशी दुरुस्ती केलेली होती. अपराध खरे म्हणजे माझा. सुटीत तिला ते मीच सांगितले होते. परंतु सांगितले ते खोटे नव्हते.

ब्रिटिश संसदेने १७६७ साली वसाहतींवर बसविलेल्या करांपैकी बहुतेक १७७० मध्ये उठले. चहावरील पौंडामागे तीन पेन्सचा कर तेवढा, हक्काची खूण म्हणून, राहिला. १७७३ च्या कायद्याने तो वाढविला नाही. ईस्ट इंडिया कंपनीला आपला चहा थेट अमेरिकेत पाठविण्याची मुभा मिळाली आणि इंग्लंडातील जकातीची परतफेडही. त्यामुळे तीन पेन्स भरूनही हा चहा पूर्वीपेक्षा स्वस्त पडणार होता. तरीही १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टनच्या बंदरात ३४२ पेट्या पाण्यात गेल्या.

स्वस्त झालेली वस्तू माणसे समुद्रात का फेकतात? हा प्रश्न मुलांपुढे ठेवला की वर्ग जागा होतो, असा माझा महाविद्यालयातील तरी अनुभव आहे. स्वस्त म्हणून चहा घेतला, तर ज्या संसदेत आपला एकही प्रतिनिधी नाही तिचा कर लादण्याचा हक्क मान्य केल्यासारखे होईल, हे एक उत्तर. डच चहा चोरून आणणाऱ्यांचा धंदा बुडणार होता आणि कंपनीची मक्तेदारी इतर व्यापाऱ्यांच्या पोटावर येणार होती, हे दुसरे. तत्त्व आणि नफा त्या धक्क्यावर शेजारी शेजारी उभे होते. मुलांना हे कळले म्हणून स्वातंत्र्ययुद्धाचे मोल उणावत नाही.

कंपनीवर ही पाळी का आली, हे तर आपल्या मुलांना आधी कळावयास हवे. १७७० च्या दुष्काळात बंगालची निदान एक तृतीयांश वस्ती नष्ट झाली, असे खुद्द वॉरन हेस्टिंग्जने १७७२ मध्ये लिहिले. आणि त्याच पत्रात, १७७१ ची सारावसुली १७६८ पेक्षाही अधिक झाल्याचे नमूद केले. इतके पिळूनही कंपनी डबघाईस आली. लष्करी खर्च, भागधारकांचे लाभांश आणि गोदामांत पडून राहिलेला चिनी चहा यांपायी तिला सरकारकडे हात पसरावे लागले. १४ लाख पौंडांचे कर्ज, कंपनीला लगाम घालणारा रेग्युलेटिंग ॲक्ट आणि चहाचा कायदा, ही तिन्ही १७७३ चीच अपत्ये. आपल्याकडे मात्र रेग्युलेटिंग ॲक्ट ‘भारताचा इतिहास’ आणि बोस्टन ‘जगाचा इतिहास’. दोन प्रकरणांच्या मध्ये बंगालचे मृत कोठे बसवावयाचे? यॉर्कटाउनला १७८१ मध्ये ज्याच्या सैन्याने शस्त्रे ठेवली तो कॉर्नवॉलिस, आणि १७९३ मध्ये बंगालवर कायमधारा पद्धत लादणारा कॉर्नवॉलिस एकच, हे आमच्या पदवीच्या विद्यार्थ्यांनाही सांगावे लागते!

यात दोष एकट्या शिक्षकांचा नाही. साठ-साठ मुलांचे वर्ग, गठ्ठ्यांनी पेपर आणि हाती ठरावीक नमुना उत्तर. ‘महाग’ या शब्दाला गुण देणे सोपे, ‘स्वस्त’ला द्यावयाचे तर पुढली चार वाक्ये वाचावी लागतात. भाचीने ती लिहिलीही होती.

वार्षिक परीक्षेत काय लिहू, असे ती मला विचारते आहे. ‘महाग’च लिही, असे तिच्या आईने बजावले आहे.