उचल होण्याआधी

क्रेन कलंडल्याची बातमी आली की चर्चा बूमची होते, दोराची होते, ऑपरेटर झोपला होता का याची होते. मी साइटवर गेलो की आधी क्रेनचे पाय कशावर टेकलेत ते बघतो.

पुण्याबाहेर एका पुलाच्या पायाभरणीचं काम सुरू होतं. पाइलसाठी बांधलेला सळयांचा सहा टनांचा पिंजरा ट्रेलरवरून उतरवायचा होता. पन्नास टनी क्रेन येऊन उभी राहिली, चारही आउटरिगर, म्हणजे तिचे आधाराचे पाय, पूर्ण बाहेर आले. रिगरने, म्हणजे माल बांधून उचल करवून घेणाऱ्या माणसाने, पहार घेतली आणि प्रत्येक पायाखालची जमीन टोचून पाहिली. तीन ठिकाणी मुरूम टणक होता. चौथ्या ठिकाणी पहार वीतभर आत गेली. तिथे मागे पाइपलाइनसाठी चर खणला होता. तो बुजवून वर मुरूम पसरल्यामुळे नुसत्या डोळ्यांना काही कळत नव्हतं. पावसाळा नुकताच सरला होता आणि खाली काळी माती होती.

बूम ज्या बाजूला फिरते त्या बाजूच्या पायावर क्रेनचा आणि मालाचा मिळून बराचसा भार येतो. पाय बोटभर खचला तरी तीस मीटर उंचीवरचं बूमचं टोक बाहेर सरकतं. टोक सरकलं की कलंडवणारा जोर वाढतो, जोर वाढला की पाय आणखी खचतो. हे चक्र सुरू झालं की ऑपरेटरच्या हातात फार काही राहत नाही.

रिगरने मान हलवली आणि क्रेन चार मीटर मागे घ्यायला लावली. तिथे पायांखाली स्लीपर, त्यावर लोखंडी प्लेटा टाकल्या. जमीन पक्की झाली, पण आता अंतर बदललं होतं. हीच गोष्ट बाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. पन्नास टनी क्रेन पन्नास टन उचलते ती अगदी अंगाशी, तीनेक मीटरवर. माल जसा लांब जातो तशी तिची ताकद झपाट्याने उतरते. आधी नऊ मीटरवर आरामात उचलला गेला असता तो पिंजरा आता तेरा मीटरवर होता आणि लोड चार्ट तिथे सात टनांच्या आसपास दाखवत होता. त्यातून हुक ब्लॉक, स्लिंग, शॅकल यांचं वजन वजा करायचं. सहा टनांसाठी उरली ती फार थोडी जागा. साइट इंजिनिअर म्हणाला, “बसतंय की.” रिगर म्हणाला, “साहेब, ट्रेलर पुढे घ्या.” ट्रेलर पुढे घ्यायला अर्धा तास गेला, कारण वाटेत शटरिंगचा माल पडला होता.

तो अर्धा तास मला सगळ्यात मोलाचा वाटतो. क्रेन भाड्याची असते, पाळीचे पैसे मीटरसारखे चढत असतात आणि पिंजरा उतरेपर्यंत पुढचं सगळं काम अडलेलं असतं. अशा वेळी ‘थांबा’ म्हणणारा माणूस बहुधा साइटवर कमी पगारवाल्यांपैकी असतो. त्याच्या शब्दामागे वरचा साहेब उभा राहतो की नाही, यावरून मी त्या साइटची पारख करतो. भिंतीवरच्या फलकांवरून नाही.

मग स्लिंग बांधले. स्लिंगचे दोन पाय सरळ उभे असतील तर प्रत्येकावर निम्मा भार येतो. तेच पाय फाकून आडव्याशी तीस अंशांचा कोन झाला, तर प्रत्येक पायावर पूर्ण भाराइतका ताण येतो. म्हणून इथे लांब स्लिंग घेतले. पिंजऱ्याच्या टोकाला दोर बांधला, म्हणजे तो हवेत फिरू लागला तर दुरूनच आवरता येईल, हात लावावा लागणार नाही. पहिल्यांदा जेमतेम वीतभर उचलून थांबवला. क्रेनचे पाय, दोर, ब्रेक सगळं बघितलं आणि मगच “हाबिस!” म्हणजे ‘वर घ्या’ अशी आरोळी आली. खुणा एकाच माणसाने करायच्या. फक्त थांबण्याची खूण कोणीही करावी आणि ऑपरेटरने ती कोणाचीही मानावी.

त्याच साइटच्या दुसऱ्या टोकाला एक जुनी हायड्रा, म्हणजे माल टांगून चालणारी छोटी क्रेन, पाइप घेऊन चालली होती आणि दोन पोरं पाइपला हात लावून बाजूने चालत होती. पन्नास टनी क्रेनभोवती पट्ट्या बांधतात. हायड्राला मात्र सगळे घरचीच समजतात. जुन्या बनावटीच्या हायड्रात बूम आणि टांगलेला माल ऑपरेटरच्या नजरेआड बरंच काही झाकून टाकतात आणि वळण घेताना तिची उचलण्याची क्षमता घटते. पोरं त्याच आंधळ्या बाजूला होती. एवढी काळजी घेणाऱ्या रिगरच्याच साइटवर हे चाललं होतं, याचा मला राग आला आणि मी तसं बोललोही. पोरांच्या हातात दोर दिले गेले.

समृद्धी महामार्गाच्या कामावर, शहापूर तालुक्यात, ऑगस्ट २०२३ सुरू होतानाच्या मध्यरात्री गर्डर बसवणारं यंत्र कोसळलं आणि २० जण गेले. अवजड यंत्राखाली किती माणसं असावीत, हा प्रश्न तेव्हापासून मी प्रत्येक साइटवर विचारतो. कायद्याने उचलयंत्रांची सक्षम व्यक्तीकडून वर्षातून एकदा तरी तपासणी लागते, आणि तो दाखला बहुतेक ठिकाणी फाइलमध्ये सापडतो. खाली कोण उभं आहे, हे मात्र त्या दाखल्यात लिहिलेलं नसतं.

पुलाच्या पुढच्या खांबाजवळून उच्चदाब वीजवाहिनी जाते. तिथे बूम तारेला न टेकताही ठिणगी उडी मारू शकते, म्हणून वाहिनी बंद करून मिळावी असा अर्ज गेला आहे. लेखी परवानगी येईपर्यंत तिथला पिंजरा ट्रेलरवरच राहणार, असं रिगरने इंजिनिअरला सांगितलं. या वेळी इंजिनिअरने वाद घातला नाही.