उभ्याचं आडवं

बदलापूरच्या भंगारवाल्याच्या काट्यावर दाराला दार म्हणून किंमत नसते. ते लोखंड म्हणून चढतं आणि लोखंड म्हणूनच उतरतं. कडी-कोयंडा, बिजागऱ्या, नावाच्या पाटीची चार भोकं, सगळं एकाच किलोच्या भावात. पितळी मूठ असलीच तर ती आधीच निघालेली असते, पितळेचा भाव वेगळा. पुढची वाट ठरलेली. भंगार वितळवून सळई करणारे जालन्याचे कारखाने प्रसिद्ध आहेत. तिथल्या इंडक्शन भट्टीत पंधराशे अंशांच्या पुढे त्याचा रस होतो आणि उद्या ते बदलापुरातल्याच एखाद्या नव्या इमारतीच्या खांबात सळई होऊन उभं राहू शकतं.

या वाटेवरून एखादं दार मध्येच उतरवून घ्यायचं आणि त्याचं टेबल करायचं, अशी मागणी हल्ली फॅब्रिकेशनच्या गाळ्यांत येऊ लागली आहे. बदलापूर पूर्वेच्या शिरगावसारख्या वस्तीत या गाळ्यांचं पोट भरतं ते खिडक्यांच्या ग्रिलवर, जिन्याच्या कठड्यांवर, गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडवर आणि सोसायट्यांच्या गेटांवर. टेबल हे अधूनमधून येणारं काम. पण कारागिराचा कस लागतो तो इथेच. ग्रिल चौकोनी झाली, भिंतीत बसली, की काम संपलं. टेबलाला माणूस रोज हात लावतो.

दारं इथे येतात कुठून, हे गावाच्या वाढीकडे पाहिलं की कळतं. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत लाखाच्या आत होती, २०११ मध्ये ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली, आणि नंतरची वाढ रोज सकाळच्या लोकलमध्ये मोजता येते. बैठी घरं, बंगल्या, तीन-चार मजली जुन्या इमारती पाडून टॉवर उठतात. टॉवरला लाकडी फ्लश डोअर येतं आणि जुन्या घराचं पत्र्याचं दार, व्हरांड्याची ग्रिल, कुंपणाचं गेट भंगारात निघतं. पूर्वेलाच माणकिवली-खरवईकडची एमआयडीसी, पुढे अंबरनाथची. तिथले गाळे हात बदलतात तेव्हा गोदामांचे जाड दरवाजे बाहेर पडतात. अंबरनाथचा विमकोचा काडेपेट्यांचा कारखाना पिढ्यान्‌पिढ्या लोकांना काम देत होता, तोही बंद झाला. आणि गोदरेजची कपाटं आहेतच. अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये लालबागला कुलपांपासून सुरुवात केली आणि १९२३ पासून पोलादी कपाटं बनू लागली. लग्नात आलेलं ते कपाट घरातल्या माणसांपेक्षा जास्त टिकतं, ही त्याची अडचणही आहे. नव्या घरात भिंतीतलं वॉर्डरोब असतं, आणि आजीच्या कपाटाला जागा नसते.

आलेलं प्रत्येक दार टेबलाच्या कामाचं नसतं. रोलिंग शटरच्या पट्ट्या वळलेल्या असतात, एकमेकींत अडकवलेल्या असतात, त्यांच्यावर पेला सरळ उभा राहत नाही. जाळीचं सरकतं चॅनेल गेट म्हणजे रिव्हेटवर फिरणाऱ्या पट्ट्या. त्यातल्या सरळ पट्ट्या पायांना वापरता येतात, एवढंच. कपाटाचं दार दिसायला देखणं पण पत्रा पातळ. त्याचं बाजूला ठेवायचं छोटं टेबल होतं, जेवणाचं नाही. खरं काम देतं ते अँगलच्या किंवा चौकोनी पाईपच्या चौकटीवर पत्रा ठोकलेलं दार, आणि त्याहून चांगलं म्हणजे गोदामाचं, ज्याला मागून आडव्या पट्ट्या दिलेल्या असतात. महाराष्ट्रभर बंगल्यांच्या गेटांवर उगवत्या सूर्याच्या किरणांची जी नक्षी दिसते, ती असलेलं पान मिळालं तर गिऱ्हाईक खूश होतं. मला स्वतःला ती नक्षी टेबलावर जरा जास्तच बोलकी वाटते. पण वर काच घालून तिच्याकडे पाहत जेवणाऱ्यांची हौस मोडणारा मी कोण?

आता मुख्य प्रश्न. दार हे उभं राहण्यासाठी केलेलं असतं. त्याचं सगळं वजन एका बाजूच्या बिजागऱ्यांवर लटकतं आणि पत्र्याचं काम फक्त अडवण्याचं, झाकण्याचं. त्यावर कुणी काही ठेवत नाही. तेच दार आडवं केलं की ज्या पत्र्याने आयुष्यात भार घेतला नाही, त्याच्या मधोमध कुकर येतो, कोपर येतं, मांडी घालून बसलेलं नातवंडही येतं. १८ गेजचा, म्हणजे साधारण १.२ मिलिमीटरचा पत्रा चौकटीत कितीही ताणलेला असला तरी मध्ये दबतो आणि हात काढला की ‘टण्‌’ करून परत येतो. हा आवाज ज्या टेबलातून येतो ते टेबल घाईत केलेलं असतं. या कामातली सगळी अक्कल उभ्याला आडवं व्हायला शिकवण्यात आहे.

त्यासाठी खाली वेगळा सांगाडा येतो. बहुतेक ठिकाणी ४० बाय ४० मिलिमीटरचा, दोन मिलिमीटर जाडीचा एमएसचा, म्हणजे माइल्ड स्टीलचा, चौकोनी पाईप वापरतात. त्याचं वजन मीटरला सव्वादोन किलोच्या थोडं वर भरतं. कडेची चौकट, मध्ये दोन आडवे, चार पाय. मापाचा मेळ मात्र आपोआप बसतो. दार तीन फूट रुंद आणि साडेसहा-सात फूट उंच, आणि सहा जणांचं जेवणाचं टेबलही जवळजवळ तेवढंच. दोन्ही मापं माणसाच्या शरीरावरूनच आलेली, एक चालत्या माणसाच्या, दुसरं बसलेल्याच्या. त्यात इथलं दार बहुधा खालून सहा इंच गेलेलं असतं. मोरीचं पाणी, फरशी धुण्याचं पाणी, कोकणपट्टीचा चार महिन्यांचा पाऊस, सगळं तळाशी साचतं. २६ जुलै २००५ ला आणि पुन्हा जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीला जो पूर आला, ज्यात २०१९ ला बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकून हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं, तशा पाण्यात लाकडी दार फुगतं आणि लोखंडी दार तळातून पोखरतं. तो भाग कटरने उडवायचा. सात फुटांचे साडेसहा होतात आणि टेबलाचं काही बिघडत नाही.

उंचीचा हिशेब मात्र चुकतो. टेबल तीस इंचांचं हवं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण दाराची जाडी दीड इंच, खालचा पाईप दीड इंच, म्हणजे तीन इंच मांडीच्या वरच्या जागेतून गेले. खुर्ची अठरा इंचांची. उरलेल्या नऊ इंचांत मांडी बसते, पण पाईप अगदी कडेला असला तर गुडघा पहिल्याच दिवशी त्याला भेटतो. म्हणून जाणता कारागीर सांगाडा चारी बाजूंनी आत घेतो आणि दाराची कड मोकळी सोडतो.

वेल्डिंगकडे वळू. गाळ्यात पूर्वी तेलात बुडवलेलं, दोघांनी उचलायचं ट्रान्सफॉर्मरचं मशीन असे. आता खांद्याला अडकवता येईल असा इन्व्हर्टर असतो. रॉड तोच, ६०१३ जातीचा, दहा किंवा बारा गेजचा. रॉडच्या पुड्यांवर अडोर हे नाव वर्षानुवर्षं दिसतं आणि त्यामागची गोष्ट या परिसराला जवळची आहे. जे. बी. अडवाणी कंपनी १९०८ मध्ये सिंधमधल्या सुक्कुरला सुरू झाली. १९५१ मध्ये स्वित्झर्लंडच्या ओरलिकॉनबरोबर तिने भारतात वेल्डिंग रॉड बनवण्यासाठी जी कंपनी काढली, तीच पुढे अडोर झाली. फाळणीनंतर त्याच सिंधमधून आलेली माणसं कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकींत राहिली आणि ८ ऑगस्ट १९४९ ला त्या छावणीचं उल्हासनगर झालं. आज फर्निचर घ्यायला बदलापूरकर उल्हासनगरच्या बाजारात जातो. तिथल्या लोखंडी पलंगाचा सांधा आणि कंपनीचा रॉड, दोघांचंही मूळ त्याच सिंधमधलं असू शकतं.

चौकट जुळवताना गुण्या लावायचा, चारही कोपऱ्यांत टाके मारायचे, कर्ण मोजायचे. दोन्ही कर्ण सारखे भरले तरच पूर्ण वेल्ड. नवशिका इथे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग वेल्ड मारत जातो. पाईप ते सहन करतो, पत्रा करत नाही. तापलेला भाग पसरतो, निवताना आखडतो, आणि पत्रा उन्हात वाळणाऱ्या पापडासारखा वाकडा होतो. म्हणून बारीक रॉड, कमी अँपिअर, इंचभर टाका, मग हातभर अंतर सोडून दुसरा, मग पलीकडच्या बाजूला. मधल्या वेळात थांबायचं. गिऱ्हाईक समोर उभं असताना थांबणं सगळ्यात अवघड.

“दादा, एवढ्यात झालं पण असतं.”

“झालं असतं हो साहेब, पण सरळ नसतं झालं.”

पावसाळ्यात रॉड ओल धरतो, ठिणग्या जास्त उडतात, सांध्यात बारीक भोकं राहतात. तेव्हा पुडा आधी तापवून कोरडा करावा लागतो. शुक्रवारी एमआयडीसीला सुट्टी असल्याने पावडर कोटिंगवाले बंद असतात, तो दिवस घासण्या-पुसण्याला जातो.

घासणं हा या कामातला सगळ्यात धोक्याचा भाग आहे, आणि बाहेरच्याला तो सगळ्यात निरुपद्रवी दिसतो. जुन्या लोखंडाला अस्तर म्हणून पूर्वी शेंदूर लावत, मारुतीला लावतात तोच, शिशाचं ऑक्साइड, तेलात खललेला. लोखंडाचं गंजण्यापासून त्याने खूप रक्षण केलं. पण ग्राइंडर लावला की त्याची धूळ होते आणि ती श्वासातून, हातातून, कपड्यांवरून घरच्या लहान मुलांपर्यंत जाते. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसं ९० पीपीएमच्या वर नसावं, हा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचं प्रत्येक दार संशयित समजावं. आजचं रेड ऑक्साइड गेरूच्या रंगाचं दिसतं. रंगाच्या थराखाली झगझगीत केशरी निघालं तर ग्राइंडर बंद करावा. रिमूव्हर लावून ओल्यानेच खरवडावं, नाहीतर रंग तसाच ठेवून वर पारदर्शक लॅकर मारावं आणि काच घालावी.

दुसरा धोका जस्ताचा. गॅल्व्हनाइज्ड पत्रा वेल्ड केला की जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि पांढरा धूर होतो. तो छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. कारागीर त्यावर गूळ खातात, दूध पितात. खरा उपाय म्हणजे सांध्याभोवतीचं जस्त आधी घासून काढणं, तोंडाला नुसत्या रुमालाऐवजी योग्य मास्क लावणं आणि दारात उभं राहून वेल्ड करणं. तिसरा धोका नव्या दारांचा. टॉवरच्या जिन्यातली किंवा तयार मिळणारी पोकळ पोलादी दारं आतून कागदी जाळीने नाहीतर फोमने भरलेली असतात. त्यावर टाका मारला की आत कागद धुमसतो. फोम पेटला तर निघणारा धूर विषारी असतो. अशा दाराला वेल्ड करूच नये. बोल्ट लावावेत.

पावडर कोटिंगला पाठवायचं असेल तर आणखी एक बारीक गोष्ट. भट्टी १८० ते २०० अंशांची. चारही बाजूंनी बंद केलेल्या पाईपात अडकलेली हवा आणि पाणी तिथे फुगतं. न दिसणाऱ्या जागी एक बारीक भोक ठेवलं की ते निघून जातं. आणि भट्टीची लांबी आधी विचारायची, टेबल झाल्यावर नव्हे.

उरतात ती दाराच्या आयुष्याची भोकं. कडीचं, कुलपाचं, नावाच्या पाटीचं, बाहेर कोण आलंय ते पाहायचं. जनगणनेच्या नंबरचा रंग, पल्स पोलिओवाल्यांच्या खडूची पुसट रेघ, दसऱ्याच्या तोरणासाठी ठोकलेल्या खिळ्याचं टोक. काही जण हे सगळं वेल्डने बुजवून, घासून, एकसारखं काळं करून मागतात. मग नवा पत्रा घेतला असता तर स्वस्त पडलं असतं, हे त्यांना सांगणारा कारागीर विरळा. काही जण उलट्या टोकाला जातात, गंजसुद्धा ठेवा म्हणतात. गंज ठेवून टिकवता येत नाही. फॉस्फरिक आम्लाच्या रिमूव्हरने तो मारावाच लागतो, त्याचा काळसर डाग राहतो तेवढा ठेवता येतो. माझं मत विचाराल तर कुलपाचं भोक ठेवावं आणि बाकीची बुजवावीत. चहा सांडला की भोकातून थेट मांडीवर येतो, आणि एवढी आठवण कुणालाच नको असते.

काचेचा निर्णय त्यातूनच येतो. दहा मिलिमीटरची टफन्ड काच चौरस मीटरला पंचवीस किलो भरते. साडेसहा फुटांच्या टेबलाला चाळीस-पंचेचाळीस किलो नुसती काच. दोन्ही बाजूंनी पत्रा असलेलं दार पन्नासच्या आसपास, खालचा सांगाडा वीस. एकशेदहा-पंधरा किलोंपर्यंत गेलेली ही वस्तू शिरगावच्या गाळ्यातून टेम्पोत चढते आणि सातव्या मजल्यावरच्या एखाद्या फ्लॅटसाठी इमारतीच्या तळाशी येऊन थांबते, कारण पाय वेल्ड केलेले असतील तर ती लिफ्टमध्ये मावत नाही. म्हणून पाय दहा मिलिमीटरच्या बोल्टवर बसवायचे, तळाला फरशीच्या चढ-उतारासाठी फिरणारे स्क्रू द्यायचे, आणि काच, दार, सांगाडा, पाय असं चार फेऱ्यांत वर न्यायचं. दार तेवढं लिफ्टमध्ये पुन्हा उभं करावं लागतं. वर पोचल्यावर पाना घरीच राहिल्याचं लक्षात येतं, आणि शेजाऱ्याची बेल वाजवली जाते.