रक्तातून मेंदूची वार्ता

तुमच्या घरात किंवा शेजारी मधुमेह असलेले आजोबा असतील, तर त्यांच्या रक्ततपासणीचा कागद एकदा मागून घ्या. त्यात 'एचबीए१सी' असे एक विचित्र नाव व त्यापुढे ७ किंवा ८ टक्के असा आकडा दिसेल. हा आकडा आजच्या साखरेचा नाही, गेल्या दोन-तीन महिन्यांचा आहे! रक्तातील साखर तांबड्या पेशींमधील हीमोग्लोबिनला चिकटते. साखर जास्त, तर असे चिकटलेले रेणूही जास्त. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तोवर ही नोंद टिकते. मधुमेहींच्या हीमोग्लोबिनमधील हा वेगळेपणा १९६८ मध्ये तेहरान येथे सॅम्युएल रहबर यांच्या ध्यानात आला.

मधुमेह डोळ्यांना व मूत्रपिंडांना अपाय करतो हे तुम्ही ऐकले असेल. तो मेंदूलाही सोडत नाही. म्हातारपणी स्मृतिभ्रंश होण्याचा धोका मधुमेहींना इतरांच्या सुमारे दीडपट असतो. मग साखरेच्या आकड्यावरूनच मेंदूचे भवितव्य कळेल का? उत्तर अमेरिकेत सुमारे ३००० मधुमेहींवर झालेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका गटाची साखर औषधांनी बरीच खाली आणली होती. पण ४० महिन्यांनंतर बुद्धीच्या चाचण्यांत दोन्ही गट सारखेच निघाले!

तेव्हा वार्ता हवी ती खुद्द मेंदूकडूनच. मेंदूतील पेशींना लांब तंतू असतात आणि त्यांना आतून आधार देणारे 'न्यूरोफिलामेंट' नावाच्या प्रथिनाचे धागे असतात. तंतू मोडला की या धाग्यांचे तुकडे झिरपत झिरपत रक्तात येतात. किती येतात? वृद्ध माणसाच्या एक मिलिलिटर रक्तद्रवात साधारण २० पिकोग्रॅम. तेवढ्याच रक्तद्रवात साखर असते सुमारे १ मिलिग्रॅम, म्हणजे ५ कोटी पट! आता गणित करून पाहा. या हिशेबाने एक ग्रॅम प्रथिन ५ कोटी लिटर पाण्यात विरघळवावे लागेल. ऑलिम्पिकचे वीस जलतरण तलाव भरतील एवढे ते पाणी.

इतके विरळ द्रव्य मोजायचे कसे? डेव्हिड वॉल्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये एक सुंदर युक्ती प्रसिद्ध केली. हवे ते प्रथिन पकडणारे सूक्ष्म मणी रक्तद्रवात सोडायचे, मग एकेका खळग्यात एकच मणी मावेल अशा पट्टीवर ते पसरायचे. ज्या मण्याने रेणू पकडला, त्याचा खळगा चमकतो. चमकणारे खळगे मोजले की झाले. भौतिकीच्या माणसाला ही रीत फार आवडते, कारण येथे प्रकाश किती तीव्र हे पाहावे लागत नाही. हो की नाही, एवढेच मोजायचे.

अल्झायमर रोगातील 'टाऊ' प्रथिनही आता रक्तात मोजता येते. टाऊ व अमिलॉइड या दोन प्रथिनांचे गुणोत्तर पाहणाऱ्या रक्ततपासणीला अमेरिकेत मे २०२५ मध्ये मान्यता मिळाली. मात्र ती लक्षणे दिसू लागलेल्या ५५ वर्षांवरील रुग्णांसाठीच.

पण खरी अडचण पुढेच आहे. मूत्रपिंडे दुबळी झाली की ही प्रथिने रक्तात साचतात. मेंदू ठीक असूनही आकडा फुगतो! आणि मूत्रपिंडे बिघडवणारा मोठा शत्रू कोण? मधुमेहच. उलट लठ्ठ माणसाच्या शरीरात रक्त अधिक, त्यामुळे प्रथिन पातळ होऊन आकडा कमी दिसतो. आजोबांना विनाकारण घाबरवणे आणि खोटा धीर देणे, दोन्ही यात संभवते. म्हणूनच या आकड्याशेजारी मूत्रपिंडाची खूण सांगणारे क्रिएटिनिन पाहावे लागते. शास्त्रज्ञांनी आणखी एक उपाय काढला आहे. बदललेले टाऊ आणि साधे टाऊ दोन्ही मोजून त्यांचा भागाकार करायचा. मूत्रपिंडामुळे दोन्ही आकडे सारख्याच पटीने वाढले, तर भागाकार बदलेल का?