'पारसनीस' आडनावाची व्युत्पत्ती व इतिहास

महाराष्ट्रातील आडनावांमध्ये ग्रामवाचक आडनावांइतकीच पदवाचक आडनावेही महत्त्वाची आहेत. प्रस्तुत लेखात त्यांपैकी 'पारसनीस' या विरळ आडनावाचा विचार केला आहे.

'नीस' हे फारसी 'नवीस' या शब्दाचे संक्षिप्त रूप असून त्याचा अर्थ 'लिहिणारा' असा होतो. कारखानीस, पोतनीस, जमेनीस ही आडनावे याच घडणीची आहेत. 'चिटणीस' हाही त्याच घडणीचा शब्द आहे. जुन्या मराठी कागदपत्रांत फारसी भाषेला 'पारसी' असेही म्हणत. त्यामुळे पारसनीस म्हणजे दरबारातील फारसी पत्रव्यवहार पाहणारा अधिकारी.

या शब्दामागील राजकीय पार्श्वभूमी आपल्या परिसराशीही निगडित आहे. तळेघर ज्या आंबेगाव तालुक्यात येते, त्याच्या शेजारच्या जुन्नर येथे १४९० मध्ये मलिक अहमदने निजामशाहीची स्थापना केली. दख्खनच्या सुलतानी राजवटींत फारसी ही दरबाराची भाषा होती. गावपातळीवरील कारभार मात्र बहुतांशी मराठीत चाले. या दोन भाषांना जोडणाऱ्या लेखकवर्गाची गरज त्यातून निर्माण झाली.

छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशाने फारसी संज्ञांना संस्कृत पर्याय दिले. अष्टप्रधानांत सुरनीस 'सचिव' झाले, वाकनीस 'मंत्री' झाले. तथापि मोगल दरबाराशी व्यवहार फारसीतच करावा लागत असल्याने पारसनीसाचे काम पेशवाईतही टिकले. अशी पदे पुष्कळदा वंशपरंपरेने चालत. म्हणून पदनाम कुळाला चिकटले. १८१८ मध्ये पेशवाई संपली, पद लयास गेले, आडनाव उरले. इतिहाससंशोधक दत्तात्रय बळवंत पारसनीस (१८७०-१९२६) यांच्यामुळे ते सर्वपरिचित झाले. १९०८ मध्ये त्यांनी 'इतिहाससंग्रह' हे मासिक सुरू केले.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. पदवाचक आडनाव व्यवसाय सांगते, वंश नव्हे. एकच पद निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळ्या घराण्यांकडे असू शकते. म्हणून आडनावाच्या साम्यावरून नाते वा जात ठरविणे शास्त्रशुद्ध नाही. त्यासाठी सनदा, वतनपत्रे व वंशावळी यांचा आधार घ्यावा लागतो. ही मर्यादा पाळली, तर वर्गातील हजेरीपट हेदेखील विद्यार्थ्यांना इतिहासाकडे नेणारे साधन ठरू शकेल.